जूनपर्यंत राखलेली दाढ

सहा जानेवारीची, तीन राजांच्या सणाची सकाळ नीट उजाडलीही नव्हती, तोवर ओतिलियाच्या खोलीत तिघं येऊन गेली होती, आणि तिघांनीही भलतंच काहीतरी निमित्त काढलं होतं.

खोली म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या मागची, हत्यारं उकळायची. पहाटेची जपमाळ संपवून ती तिथे येई, आदल्या दिवशीचे आरसे, चिमटे, आकडे वाफेच्या यंत्रातून काढी आणि कागदी पाकिटांत भरी. तीस वर्षं हेच चाललं होतं. आज आधी आली तिची वहिनी, आंपारो. टेबलावर पांढरं कापड अंथरायचं की भरतकामाचं, हे विचारायला आली आणि बोलत राहिली नव्या इमारतीबद्दल. तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची खोली तुझी, पलंगावर पडल्या पडल्या चर्चचा मनोरा दिसेल, मी नकाशात खिडकी सरकवून घेतलीय, असं सांगताना ती एवढी रंगली की कापडाचं विसरूनच गेली.

मग आला भाचा एफ्राइन. चाळीस माणसांना चॉकलेट पुरेल ना, म्हणून. पण त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. सहा खुर्च्यांच्या बारा होणार, सरहद्दीच्या नाक्यापलीकडून आठवड्याला दोन येणाऱ्या रुग्णांच्या बसगाड्या रोज येणार, त्या गाड्या पाठवणाऱ्या कंपनीची डार्लीनबाई आज स्वतः कागद घेऊन येणार. इमारत कंपनी बांधून देणार आणि त्या बदल्यात ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर बाराही खुर्च्या कंपनीच्या माणसांच्या. चार वाजता रोस्का, म्हणजे सणाचा गोड पाव, कापायचा, की लगेच सह्या. बापाची आणि आत्याची. दवाखाना ज्या घरात होता ते घर आजोबा क्रेसेन्सिओंनी दोघा भावंडांच्या नावावर अर्धं-अर्धं करून ठेवलं होतं, त्यामुळे ओतिलियाच्या सहीशिवाय विटेवर वीट चढणार नव्हती.

"आणि आपल्या गावातली माणसं?" ओतिलियाने पाकीट चिकटवत विचारलं.

"आत्या, गावातली जूनमध्ये येतात. नेहमीच येतात."

त्यात दुष्टपणा नव्हता. भट्टीतून पाव सकाळी निघतो, हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज तो बोलला होता.

आणि खोटंही नव्हतं ते. लास पाल्मितास या गावात दातदुखी उत्तरेकडच्या म्हाताऱ्यांच्या पंचांगाने चाले. तिकडे बर्फ पडू लागलं की ते नाका ओलांडून चालत येत, तिकडच्या पावपट खर्चात तोंडं नवी करून घेत, आणि गावातली एकूणएक खुर्ची एप्रिलपर्यंत त्यांच्यासाठी धरलेली असे. मग ऊन असं पेटे की सरडेही सावली सोडत नसत. म्हातारे परत जात, खुर्च्या ओस पडत, डॉक्टर स्वतः गावकऱ्यांना फोन करत. म्हणून इथे जन्मलेलं माणूस लवंग, मिठाचं पाणी आणि औषधाच्या दुकानातल्या गोळ्या यांच्यावर दाढ जूनपर्यंत राखायला लहानपणीच शिके. लग्नंदेखील जुलैत होत. फोटोत हसायला दात लागतात. सरकारी आरोग्य केंद्रात एक खुर्ची होती, तिच्यावर तीन वर्षं चादर घातलेली होती. तिथला डॉक्टर फेर्मीन आता एफ्राइनच्या दवाखान्यात दोन नंबरच्या खुर्चीमागे उभा असे. एफ्राइननेच त्याला आणलं होतं.

तिसरी आली भाची, नेरेइदा. ती आली आणि ओतिलियाचं मन भरून आलं, कारण तिच्यामागून एफ्राइन परत डोकावला आणि बहीणभाऊ दारात उभे राहून कुठल्याशा यंत्रावरून एकमेकांना हसत टोमणे मारू लागले. दीड वर्ष ही दोघं एका छताखाली काम करून एकमेकांशी बोलत नव्हती. तीन नंबरची खुर्ची शनिवारी गावासाठी ठेवायची, असा नेरेइदाचा हट्ट होता. एफ्राइनने ती बसगाडीला देऊन टाकली आणि तिथून सगळं फाटलं. दीड वर्ष चिठ्ठ्या ओतिलियाच्या हातून जात-येत होत्या. ती मारियामातेपुढे नऊ दिवसांची प्रार्थना एकदा नाही, सहा वेळा करून बसली होती. आणि मग हा कागद आला. कंपनी नेरेइदाला डोक्याभोवती फिरणारं क्ष-किरण यंत्र देणार होती, शस्त्रक्रियेचा अख्खा मजला तिच्या हाताखाली येणार होता. शनिवारचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. नाताळात दोघं चर्चमध्ये एका बाकावर बसून मिस्सा ऐकत होती.

मागितलेलं असं पदरात पडल्यावर माणूस आणखी काय विचारणार? सही करायची, हे ओतिलियाने तेव्हाच ठरवलं होतं.

चौथा, म्हणजे थोरला भाऊ बाल्तासार, आला नाही. तो अंगणात खुर्च्या मांडत होता. हात थरथरू लागल्यापासून त्याने दवाखाना मुलांवर सोडला होता. ती चहा घेऊन गेली तेव्हा म्हणाला, "सगळ्यांनी तुला गाठलं असेल."

"तू राहिलास, दादा."

"मी कशाला. तुझा हात तुझा आहे." आणि तो पुढची खुर्ची उलगडायला लागला.

दुपारी अंगण असं फुललं की पाय ठेवायला जागा नव्हती. भरतकामाचं कापड, कागदी पताका, गिटारवाले दोघे. बसगाडीतली वीसेक माणसं कडेकडेने बसली होती, कुणाच्या तोंडात कापूस, कुणाचा ओठ बधिर होऊन लोंबत होता, आणि सगळी हसत होती. डार्लीनबाई उंच, गुलाबी, मनमोकळी. तिने आंपारोला मिठी मारली, बाल्तासारचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि ओतिलियासाठी वाचायचा चष्मा आणला होता, सही करताना अक्षर दिसावं म्हणून. आत सहाच्या सहा खुर्च्या चालू होत्या. गाडी पाच वाजता सुटायची, त्याआधी सगळ्यांची तोंडं मिटवायची होती.

साडेतीनला रोस्का आला. दोघांनी फळीवर उचलून आणलेला तो भलामोठा गोल पाव, वर अंजिराच्या आणि संत्र्याच्या साखरेतल्या फोडी, आत कुठेतरी लपवलेला बोटाएवढा बाळ येशू. तो ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने दोन फेब्रुवारीला सगळ्यांना तमाले, म्हणजे मक्याच्या पानात वाफवलेल्या वड्या, खाऊ घालायचे. रोस्का भाजणारी कासिल्दा मागून चालत होती. कासिल्दा म्हणजे एफ्राइनची सासू, गावातल्या भट्टीची मालकीण, आणि बोलायला बसली की गिटारवाल्यांनी वाद्यं खाली ठेवावीत अशी बाई. दरवर्षी ती स्वतः सुरी घेऊन रोस्का कापी आणि प्रत्येक तुकड्याबरोबर त्या माणसाचं एक कुलंगडं बाहेर काढी.

आज तिने सुरी आंपारोच्या हातात दिली आणि भिंतीच्या कडेला जाऊन बसली. डोक्यावरून शाल, ती हनुवटीपर्यंत गुंडाळलेली. एफ्राइनच्या बायकोने, रेबेकाने, आईला चॉकलेटचा पेला नेऊन दिला. ओतिलिया लांबून पाहत होती. कासिल्दाने पेला ओठाला लावला, खाली ठेवला, पुन्हा लावला. चॉकलेट कमी झालं नाही. मग तिने रुमाल काढून तोंडाच्या कोपऱ्यातली लाळ टिपली. एकदा, परत एकदा.

ओतिलिया उठली आणि तिला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली. दार लोटलं. "विहीणबाई, शाल काढा."

कासिल्दाने मान हलवली. थंडी वाजतेय म्हणाली, पण शब्द असे आले की जणू तोंडात गरम बटाटा धरला आहे. ओतिलियाने स्वतःच शाल सोडली. उजव्या जबड्याखाली मुठीएवढी सूज होती, ताणून चकाकणारी, आणि ती जबड्यावर थांबली नव्हती, गळ्याकडे उतरली होती. हात लावला तर तव्यासारखी.

"कधीपासून?"

नोव्हेंबरपासून, असं निघालं. आधी नुसती ठणक होती. लवंग लावली. मग दुकानातून गोळ्या आणल्या, त्या संपल्या की थांबायचं, ठणक आली की परत आणायच्या. साखरेचा आजार तर जुनाच होता. परवापासून गिळता येत नव्हतं. काल रात्री रोस्का भाजताना दोनदा खाली बसावं लागलं. रेबेकाला सांगितलं का, तर नाही. ती नवऱ्याला सांगेल, आणि जावई आधीच कामात बुडालेला.

"तुमचा जावई दातांचा डॉक्टर आहे," ओतिलिया म्हणाली. "त्याची बहीण डॉक्टर आहे. तुम्ही या दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसला होतात."

"हंगाम चालू आहे," कासिल्दा म्हणाली. आपण काही वावगं केलं असं तिला वाटतच नव्हतं. "मध्येच कसं सांगायचं. जूनपर्यंत निभेल म्हटलं."

ओतिलियाने तिला तोंड उघडायला सांगितलं. दोन बोटंही आत जाईनात. तीस वर्षं हत्यारं धुताना तिने कुणाच्या तोंडात डोकावून पाहिलं नव्हतं, पण डॉक्टर लोक कोणत्या आवाजात काय बोलतात ते तिच्या कानांनी साठवलं होतं. ती धावत सुटली. एकसष्टाव्या वर्षी, अंगणातून, पाहुण्यांच्या मधून.

तिच्यामागोमाग आलेल्या नेरेइदाने कासिल्दाच्या जिभेखाली आरसा कसाबसा सरकवून पाहिलं आणि तिचा चेहराच बदलला. आत्ता, म्हणाली. पू काढायला हवा, दाढ काढायला हवी, आणि मग थेट मेहिकालीच्या सरकारी इस्पितळात, शिरेतून औषध चालू करायला. सूज आणखी दोन बोटं खाली उतरली की श्वासाची वाट बंद होते. कुठलीही एक खुर्ची रिकामी करा.

एफ्राइन दारात उभा होता. त्याला सासूची काळजी नव्हती असं नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता. पण बाहेर डार्लीनबाई कागद पसरून बसली होती, सहाही खुर्च्यांत तिची माणसं अर्ध्या कामात होती, पाचला गाडी होती. तो म्हणाला की इंजेक्शन देऊन ठेवू, गाडी गेली की लगेच घेऊ, दीड तासाचाच प्रश्न आहे. नेरेइदा म्हणाली की दीड तास निघेल का ते तिच्या गळ्याला विचार. तो म्हणाला, आजच्या दिवशी तरी तमाशा नको. ती म्हणाली, शनिवारची खुर्ची असती तर ही बाई नोव्हेंबरमध्येच बसून गेली असती. आणि दीड वर्षाचं सगळं, एकेक चिठ्ठी, स्वयंपाकघर आणि दवाखान्यामधल्या चिंचोळ्या बोळात बाहेर आलं. रेबेका मधे आली. तिने आवाज चढवला नाही. नवऱ्याचं मनगट धरून म्हणाली, "माझ्या आईला नंबर लावायला सांगतोयस?"

ओतिलिया ऐकत होती. सहा वेळा केलेल्या नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना तिच्या डोळ्यांदेखत उसवत होत्या. ती दोघांच्या मधून वाट काढून पुढच्या खोलीत गेली, तीन नंबरच्या खुर्चीपाशी.

खुर्चीत गव्हाच्या मुलखातला एक म्हातारा शेतकरी होता, लालबुंद मानेचा, अर्धं तोंड बधिर, छातीवर निळा कागद बांधलेला. ओतिलियाला त्याची भाषा येत नव्हती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्या हाताने दाराकडे दाखवलं, जिथे कासिल्दा शाल धरून उभी होती, आणि मग स्वतःच्या गळ्यावर बोट फिरवलं. म्हाताऱ्याने कासिल्दाकडे पाहिलं. तो इतका पटकन उठला की पाण्याचा पेला सांडला. निळा कागद तसाच गळ्यात ठेवून त्याने बाईला कोपराला धरून खुर्चीत बसवलं आणि टोपी उचलून बाहेर निघून गेला.

पुढची चाळीस मिनिटं नेरेइदाची होती. भूल नीट लागेना, तोंड उघडेना, फेर्मीनने जबडा धरला, ओतिलिया पाकिटं फाडून हत्यारं हातात देत राहिली. पहिली चीर दिली तेव्हा जे बाहेर आलं ते बघून डॉक्टर फेर्मीननेही मान फिरवली. दाढ निघाली. कासिल्दाने एक खोल श्वास घेतला, मग दुसरा, आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, की आंपारोला रोस्का कापता येत नाही, तुकडे बघा कसे करतेय. रेबेका रडता रडता हसली.

तिकडे अंगणात आंपारोने त्या शेतकऱ्याची समजूत काढायला त्याच्या हातात रोस्क्याचा मोठा तुकडा दिला होता. बधिर तोंडाने खाऊ नये, हे कुणी कुणाला सांगायचं. तो चावत राहिला, चावत राहिला, आणि शेवटी नातीच्या वयाच्या एका पोरीने त्याच्या ओठांतून बाहेर आलेले दोन इवलेसे पाय दाखवले. बाळ येशू निघाला होता. अंगणाने टाळ्यांचा कडकडाट केला. तमाले आता याने घालायचे, हे त्याला कुणीतरी समजावलं. त्याने उभं राहून कंबरेत वाकून ते कबूल केलं.

मेहिकालीला कोण नेणार, यावर एफ्राइन क्षणभर घुटमळला. त्याची नजर अंगणातल्या टेबलाकडे गेली. "जा," ओतिलिया म्हणाली. "कागद कुठे पळून जात नाही." त्याने नेरेइदाने इस्पितळासाठी लिहिलेली चिठ्ठी तिच्याच हातातून घेतली. दीड वर्षानंतर पहिल्यांदाच चिठ्ठी मध्यस्थाशिवाय गेली, पण देणारीने आणि घेणाऱ्याने एकमेकांकडे पाहिलं नाही. सासूला घेऊन त्याची गाडी धुरळा उडवत निघाली.

मग टेबल. डार्लीनबाईने दुःख झाल्याचं मनापासून सांगितलं, बाई बरी होईल ना विचारलं, आणि पेनचं टोपण काढून ठेवलं. आंपारो ओतिलियाच्या खुर्चीमागे उभी राहिली. बाल्तासार समोर. ओतिलियाने नवा चष्मा डोळ्यांवर चढवला. अक्षर खरंच स्वच्छ दिसत होतं.

"बाराही खुर्च्या कुठे लिहिलंय?"

नेरेइदाने ओळीवर बोट ठेवलं.

"तिथे लिही, अकरा. आणि खाली लिही, एक खुर्ची गावाची. बाराही महिने, रोज. मग मी सही करते."

नेरेइदाने ते डार्लीनबाईला सांगितलं. डार्लीनबाई हसली, मग हसू आवरून म्हणाली की तिला स्वतःला ते पटतं, पण या कागदात असं काही लिहायला जागा नाही, वरच्या लोकांना विचारावं लागेल, आणि वरचे लोक बहुधा पलीकडच्या गल्लीतल्या दवाखान्याशी बोलतील. ती धमकी देत नव्हती. आहे तसं सांगत होती.

आंपारोचे हात ओतिलियाच्या खांद्यांवर होते, ते निघाले. "एक खुर्ची," ती नणंदेला म्हणाली. "एका खुर्चीपायी पोरांच्या तोंडचा घास काढतेस. गावाला सवय आहे गं वाट बघायची. कुणी मेलंय का आजपर्यंत?"

"आज मरत होती, वहिनी."

त्यावर आंपारोने टेबलावरचं भरतकामाचं कापड कागदाखालून सरसर ओढून घेतलं, घडी केली आणि आत निघून गेली. पेले आडवे झाले. गिटारवाल्यांनी वाजवणं थांबवलं.

बाल्तासारने थरथरत्या हाताने पेन उचललं, टोपण लावलं आणि अदबीने डार्लीनबाईसमोर ठेवलं. "वर विचारा," म्हणाला. "आमच्याकडे दोन सह्या लागतात. माझीही बहिणीबरोबरच होईल." मग तो नेरेइदाकडे वळला. "वरचे काय सांगतील ते सांगतील. तीन नंबरची खुर्ची उद्यापासून गावासाठी काढून ठेव. पाटी लावू नकोस. कळेल हळूहळू."

रात्री मेहिकालीहून फोन आला. सलाईन लावलं होतं, ताप उतरत होता, कासिल्दा शेजारच्या खाटेवरच्या बाईला पिठाचं प्रमाण सांगत होती. मग एफ्राइन म्हणाला की इथे दाराबाहेर फरशीवर तीन आपल्याच गावातली माणसं बसलीत, जबडे बांधून. मी ओळखतो त्यांना, आत्या. रोज रस्त्यात भेटतात. ओतिलियाने नेरेइदाशी बोलतोस का विचारलं. तो म्हणाला, उद्या.

त्या रात्री आंपारोच्या खोलीचं दार बंद होतं. ओतिलियाने जपमाळ घेतली, पण आज मागायचं काय ते तिला उमगेना. ती नुसती मणी सरकवत राहिली.

पहाटे मिस्सेला निघताना तिने रस्त्याकडचं दार उघडलं आणि पाऊल परत आत घेतलं. भिंतीला धरून रांग लागली होती. पाटी नव्हती, कुणी काही सांगितलं नव्हतं. कळेल हळूहळू म्हणणाऱ्या बाल्तासारला आपलं गाव अजून कळलं नव्हतं. नाक्यावर उभं राहून म्हाताऱ्यांना दवाखान्यात ओढून नेणारे दोघे, कनपटीला रुमाल बांधून. चष्म्याच्या दुकानातली मुलगी. बसगाडीचा ड्रायव्हर. शेजारच्या दवाखान्यात दात घडवणारा कारागीर, जो दिवसाला वीस कवळ्या करी. धर्मगुरूंची स्वयंपाकीण. रांग कोपऱ्यावरून वळून भट्टीपर्यंत गेली होती. लोक दबक्या, आनंदी आवाजात बोलत होते, जत्रेला आल्यासारखे, एकमेकांना सुजलेले गाल दाखवत.

ओतिलिया मिस्सा विसरली. नेरेइदाला हाक मारायला वळली, तेवढ्यात तिची नजर रांगेत सातव्या जागी उभ्या बाईवर पडली. डोक्यावरून काळी शाल ओढलेली, तोंड भिंतीकडे. घरातून मागच्या दाराने निघून, गल्लीला वळसा घालून ती इथे येऊन उभी राहिली होती.

ओतिलिया तिच्यापाशी गेली.

"कोणत्या बाजूची?" ओतिलियाने हळूच विचारलं.

"डावी," आंपारो भिंतीकडेच बघत म्हणाली. "पोरांना हंगामात कशाला सांगायचं म्हणून." मग तिने शाल थोडी मागे सारली. "घरची म्हणून मला आधी घ्यायला सांगू नकोस. माझ्या पुढे सहा जण आहेत."